दुसरी वायर

दीपिकाने विचारलं ते अगदी सहज. टेबलापलीकडून मोबाइल पुढे सरकवत ती म्हणाली, "मॅडम, तुमी गिटार आत्ता आत्ता शिकायलात का?" त्या विचारण्यात खोच नव्हती. खोच असती तर संघप्रियाने ती तिथल्या तिथे परतवली असती. परभणीच्या त्या सरकारी कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर तेवढं तिला जमत होतं. पण दीपिकाच्या डोळ्यांत कौतुक होतं. पहिलीतल्या पोराने फळ्यावर वाकडातिकडा 'अ' काढला की त्याच्याकडे बघतात तसलं कौतुक. दीपिकाचं माहेर चुडाव्याचं. तिच्या भाच्याने तिथल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ काढला होता आणि त्यात ऑफिसातल्या मॅडम दिसल्या म्हणून ती सकाळपासून खुशीत होती. संघप्रियाने मोबाइल हातात घेतला. पडद्यावर निळे दिवे, मध्ये माइक धरून उभा असलेला तिचा मोठा भाऊ सुगत, त्याच्या डाव्या अंगाला ढोलकीवर चुलतभाऊ सिद्धोधन आणि उजवीकडे, पांढऱ्या साडीत, खांद्याला गिटार अडकवलेली ती स्वतः. गाण्याच्या आधीचा तिचा तुकडा सुरू झाला. टण. मग काहीच नाही. मग पुन्हा टण. मग पुन्हा काहीच नाही. एखादी बाई अंधारात भिंत चाचपत चालावी, एक पाऊल टाकून थांबावी, पुन्हा भीत भीत दुसरं टाकावं, तसं ते वाजत होतं. संघप्रियाने आवाज वाढवला, मोबाइल कानाला लावला. टण. रिकामं. टण. रिकामं.

ते रिकामं तिने मुद्दाम ठेवलेलं होतं. डिलेवर वाजवणारा माणूस सगळी जागा स्वतः भरत नाही. तो एक सूर टाकतो आणि हात उचलतो. पायाखालची डिलेची छोटी डबी तो सूर धरून ठेवते आणि परत देते, थोडा विझलेला, मग आणखी विझलेला. वाजवणाऱ्याने मध्ये जागा सोडली तरच ते परत आलेले सूर ऐकू येतात, आणि नवा सूर त्यांच्या शेपटीला जाऊन जुळतो. हे थांबणं शिकायला तिला वाजवणं शिकण्यापेक्षा जास्त दिवस लागले होते. कॉलेजात असताना बोटं वळवळायची, जागा दिसली की भरावीशी वाटायची. हात उचलून धरण्यासाठी छाती लागते, आणि ती छाती तिने कमावली होती. आणि आता दीपिकाच्या मोबाइलमधून, चुडाव्याच्या मैदानावरून, त्या सगळ्या कमाईचं टण आणि रिकामं, टण आणि रिकामं ऐकू येत होतं. तिने मोबाइल परत दिला आणि हो म्हणाली. आत्ताच शिकायला लागले, म्हणाली. दीपिका म्हणाली की येईल हळूहळू.

येईल हळूहळू. हे तिने आधीही ऐकलं होतं. टाइप केलेला मसुदा समोर होता, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता, आणि एकेक वाक्य तिच्याकडे चालत येऊ लागलं. राणीसावरगावला कार्यक्रम संपल्यावर एका म्हाताऱ्या बाईने तिच्या गालावरून हात फिरवून म्हटलं होतं की लेकरा, भिऊ नको, हिंमत सोडू नको. तेव्हा तिला वाटलं होतं, बाई स्टेजवर गिटार घेऊन उभी राहते म्हणून ही माउली पाठ थोपटायलीय. घरी येईपर्यंत तिच्या अंगावर तो हात होता. आणखी कुठल्या गावी एका शिक्षकाने सुगतला म्हटलं होतं की तुम्ही बहिणीला संधी देता हे फार मोठं आहे, आणि सुगतने हात जोडून मान झुकवली होती. संधी. तिला वाटलं होतं, मास्तरांचं बोलणं तसंच असतं. आता ती एकेक वाक्य उलटं करून पाहत होती आणि प्रत्येकाच्या पाठीवर तेच होतं. कीव. जयंतीच्या सगळ्या हंगामभर लोक तिची कीव करत होते आणि ती मान लववून घेत होती. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आज वालूरला कार्यक्रम होता, रजा तशीही टाकायचीच होती.

हरिओमचं साउंडचं गोडाऊन जिंतूर रोडला होतं. हरिओम मूळचा राणीसावरगावचा, चाळिशी उलटलेला, घरी अजून मेंढरं असलेला माणूस. बोलणं कमी आणि कानात कायम कापूस. तो टेम्पोत स्पीकर चढवत होता. रिक्षातून उतरेपर्यंत संघप्रियाने स्वतःला समजावलं होतं की मोबाइलच्या माइकमध्ये बारीक आवाज येत नसतील, भाच्याने लांबून काढला असेल. पण तिला माहीत होतं. मोबाइलमध्ये सुगतच्या आवाजामागचा इको आला होता, अगदी शेवटच्या शेपटीपर्यंत. तो येतो आणि तिचाच येत नाही, असा मोबाइल अजून निघालेला नव्हता. तिच्या डबीतून दोन वायरी निघायच्या. एकीतून कोरडी गिटार, दुसरीतून फक्त परत येणारे सूर. दोन्ही हरिओमच्या मिक्सरवर वेगवेगळ्या पट्ट्यांना, प्रत्येकीचा आवाज वेगळा कमीजास्त करता येईल अशा. ही व्यवस्था तिनेच केली होती. स्टेजवर उभ्या माणसाला समोर किती जातंय ते कळत नाही. घरी भिंतीजवळ बसून गोड वाटलेली लेव्हल मैदानावर सुरांचा गाळ करते, आणि पत्र्याच्या समाजमंदिरात तर पत्राच स्वतः सूर परत फेकतो, तिथे डबी जवळजवळ बंद करावी लागते. म्हणून समोर बसलेल्या माणसाच्या हातात ते असावं, त्याने ऐकून कमीजास्त करावं, असं तिने ठरवलं होतं. हरिओमला तिने एका दुपारी बसवून समजावून सांगितलं होतं. त्याने मान डोलावली होती.

तिने विचारलं तेव्हा हरिओमने स्पीकर खाली ठेवला, कापूस काढला आणि तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"ती दुसरी वायर समोर न्हाई सोडायची, ताई. तुमच्या पेटीत सोडायची निस्ती. सुगतदादांनी सांगितलंय."

पेटी म्हणजे मॉनिटर. वाजवणाऱ्याच्या पायाशी त्याच्याचकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, ज्यातून त्याचा त्यालाच आवाज येतो.

"कधीपासून?"

"पयल्यापासून." हरिओमने कापूस बोटात गोल फिरवला. "मला वाटलं, तुमाला मालूम हाय."

त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. ज्याने बोलावलं त्याचं ऐकायचं, हा त्याचा धंदा. तिने फक्त विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे. हरिओम म्हणाला, सिद्धोधनला असेल, तो शेजारीच बसतो की. मग तो पुन्हा स्पीकर उचलायला वळला, आणि ती रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली.

पहिल्यापासून. म्हणजे ती रोज रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून बसायची आणि उद्याचं गाव कसं आहे, मैदान की मंदिर, किती लोक बसतील, माणसांची अंगं आवाज पिऊन टाकतात म्हणून रिकाम्या मैदानावर केलेली लेव्हल गर्दी झाल्यावर किती वाढवायची, हे सगळं ठरवायची, ते कुणासाठी होतं? स्टेजवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची प्रतिमा असते म्हणून सगळे अनवाणी चढतात. तिच्या उजव्या अंगठ्याला त्या डबीची खटकी इतकी माहीत झाली होती की ढोलकी पळायला लागली, आणि सिद्धोधन टाळ्या ऐकल्या की पळायचाच, की अंगठा आपोआप नवी लय ठोकून द्यायचा. परत येणारे सूर ढोलकीच्या मागे पडू नयेत म्हणून. ढोलकी वाजवणारा शेजारी बसून पाहत होता तो अंगठा. पाहत होता आणि त्याला माहीत होतं की हे मैदानात कुणालाच ऐकू जात नाही. ती एका पेटीसमोर वाजवत होती. खेळण्यातला फोन कानाला लावून लेकरू बोलतं आणि घरातले सगळे हसू दाबून त्याला बोलू देतात, तसं.

वालूरच्या रस्त्यावर जीपमध्ये ती मागे बसली. पुढे सुगत, मफलर भर उन्हाळ्यात गळ्याला गुंडाळलेला, गरम पाण्याची बाटली मांडीत. सिद्धोधन तिच्या शेजारी. तिने एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याने लगेच बाहेर पाहिलं. हरिओमने फोन केला असणार. बाहेर नांगरून टाकलेली काळी रानं होती, कुठे कुठे हळदीची काढणी झालेल्या वाफ्यांवर धूळ उडत होती. सुगत गुणगुणत होता. वरच्या सुराला जाण्याआधी तो थांबायचा आणि पाणी प्यायचा. हे तिला फार दिवसांपासून माहीत होतं. अण्णा गेले, गायन पार्टी सुगतकडे आली, तेव्हाच त्याचा आवाज थकायला लागला होता. अण्णा, म्हणजे त्यांचे वडील भगवानराव, नुसत्या हार्मोनियमवर आणि डफावर अख्खं गाव जागं करायचे. सुगतने ते घराणं उचललं, ओझ्यासगट उचललं, शाळेची नोकरी सांभाळून उचललं. तो आळशी नव्हता, वाईटही नव्हता. पण वर जाताना त्याचा आवाज तडकायचा. मग त्याने हरिओमकडून इको मागितला. आधी थोडा, मग थोडा जास्त. आता तो एक ओळ म्हणायचा आणि ती ओळ चार वेळा मैदानभर लोळायची. तेवढ्यात तो श्वास घ्यायचा, खोकायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, आणि लोकांना वाटायचं, काय आवाज आहे. संघप्रियाने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. भावाची झाकली मूठ तिने स्वतःच्या हाताने झाकून धरली होती, आणि त्याने त्याच वेळी तिची वायर काढून घेतली होती. तिला एकाएकी त्या मफलरचा राग आला. त्या बाटलीचा. ती बाटली मांडीत धरून बसण्याच्या त्याच्या जपणुकीचा.

वालूरला मैदानात स्टेज उभं होतं. दिवस कलला होता, समोर ताडपत्र्या अंथरत होते, बाया घागरीने पाणी शिंपडत होत्या. सामान उतरवताना तिने सुगतला बाजूला घेतलं. तिने ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही, आणि तिने नाही चढवला. दुसरी वायर बंद का ठेवतोस, एवढंच विचारलं. तो दचकेल असं तिला वाटलं होतं. तो दचकला नाही. त्याने मफलर नीट केला.

"लोक शब्द ऐकायला येतेत, संघू. आपलं गाणं शब्दाचं हाय. तुझं ते घुमणं शब्दावर येतं."

"मग मला सांगायचं."

"तुला वाईट वाटलं असतं," सुगत म्हणाला. "म्हणून तर तुझ्या पेटीत ठेवलं की. तुला ऐकू येतंयच ना?"

तो हे मायेने म्हणाला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथे खरोखरच माया होती. लेकराने भोकाड पसरू नये म्हणून हातात रिकामा डबा देणाऱ्याची माया. शिवी दिली असती, तुला वाजवता येत नाही म्हणाला असता, तरी तिला उभं राहायला जागा मिळाली असती. या मायेत उभं राहायला जागाच नव्हती. शब्दावर कोण येतं, हे तिच्या ओठांपर्यंत आलं. तुझी एक ओळ चारदा लोळते तेव्हा शब्दाचं काय होतं, हे आलं. पण सुगतला कुणीतरी आयोजकांशी ओळख करून द्यायला नेलं आणि तो हसत, हात जोडत निघून गेला.

स्टेजवर हरिओमचा माणूस वायरी अंथरत होता. त्याने दोन वायरी पुढे केल्या. तिने एकच घेतली. दुसरी तिने गुंडाळली, व्यवस्थित, गोल, आणि त्याच्या हातात परत दिली. डबीच्या एकाच तोंडातून आता सगळं जाणार होतं, टाकलेला सूर आणि परत आलेला सूर, एकाच पट्टीवर. ते वेगळं करता येणार नव्हतं. घ्यायचं तर दोन्ही, काढायचं तर दोन्ही. आता समोरचा माणूस ऐकून कमीजास्त करील, हा आधार तिने सोडला होता. लेव्हल तिलाच, स्टेजवरून, न ऐकता, अंदाजाने ठेवायची होती. ती खाली उतरली, रिकाम्या मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेली, टाळी वाजवली आणि ऐकलं. मैदान उघडं होतं, एका बाजूला शाळेची भिंत, टाळी तिकडून पुसटशी आली. माणसं बसली की तीही येणार नाही. ती परत आली, डबीसमोर उकिडवी बसली, बटण तिला वाटत होतं त्याहून जरा जास्त फिरवलं, मग थांबली. हा जास्तपणा गर्दीसाठी आहे की रागासाठी, हे तिने स्वतःला विचारलं. थोडं मागे घेतलं. हरिओम मिक्सरमागून बघत होता. त्याला एका वायरीचा अर्थ कळला होता.

लोक बसले. वंदना झाली, हार झाले, सत्कार झाले. सुगतने अण्णांचं गाणं घेतलं, पार्टीची ओळख म्हणून जे नेहमी पहिलं असतं ते. तिने सुरुवातीचा तुकडा टाकला. एक सूर, हात वर. आणि या वेळी तो सूर समोरून परत आला, पायाशी असलेल्या पेटीतून नव्हे, मैदानावरच्या स्पीकरच्या दोन्ही मनोऱ्यांतून, मोठा, उघडा. तिच्या हातांवर काटा आला. पुढच्या ओळीतली पोरं माना वळवून स्पीकरकडे बघायला लागली. सुगतची पाठ ताठ झाली. त्याने ओळ घेतली, "आजीच्या कपाळी नव्हती पाटी, नातीच्या हाती सहीचा पेन," आणि त्याचा इको उठला, पाटी पाटी पाटी, पेन पेन पेन, आणि त्यात तिचे सूर शिरले, आणि सगळ्याचा चिखल झाला. होणारच होता. एका घरात दोन माणसांनी एकाच वेळी आपापलं बोलणं चारदा बोलावं तसं. तिने बटणाला हात लावला नाही. कडवं संपलं. सुगतने माइकवरच, हसत, कार्यक्रमाच्या गोड आवाजात सांगितलं की हरिओमभाऊ, गिटारचं घुमणं जरा कमी करा. हरिओमने एक बोट वर केलं: वायर एकच आहे. सुगतने तिच्या डबीकडे पाहिलं. "मग गिटारच कमी करा," तो म्हणाला. समोरून गिटार गेली. एकदम. तिने तार छेडली आणि मनोरे मुके होते.

पण तो बोलला होता. या वेळी तो हे गोडाऊनमध्ये, फोनवर, पाठीमागे बोलला नव्हता. अख्ख्या वालूरसमोर बोलला होता. संघप्रियापुढे कोरसचा माइक होता. तिने गिटारवरचा हात काढला आणि माइककडे झुकली. तिला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला, सपाट, ऑफिसात फायलीवरचा शेरा वाचून दाखवताना असतो तसा.

"हरिओमभाऊ, दादांचा इको काढा. लोक शब्द ऐकायला आलेत."

सिद्धोधनचा हात ढोलकीवर तसाच राहिला. सुगत वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि ती बघून तिचा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. हरिओम एकाकडून दुसऱ्याकडे बघत उभा होता; त्याला दोन मालक एकदम झाले होते. तेवढ्यात पुढच्या ताडपत्रीवरून एक म्हातारी, चांगुणाबाई, गावात जिच्या शब्दाला वजन असावं असं तिच्या बसण्यावरून दिसत होतं, हात हलवून म्हणाली, "काढ की रं बाबा. मघाधरनं कळंना काय म्हनायलाय त्ये. पेन पेन निस्तं." बाया हसल्या. पोरं हसली. हरिओमने मान खाली घातली आणि बोट फिरवलं.

सुगतला गावं लागलं. पर्याय नव्हता, माणसं हसून आता गप्प बसली होती आणि वाट बघत होती. त्याने ओळ घेतली आणि ती उघडी बाहेर आली. खरखरीत, मधे कापडासारखी विरलेली, 'सहीचा'वर जाताना सरळ तडकलेली. पण प्रत्येक शब्द शाळेच्या भिंतीपर्यंत गेला. चांगुणाबाईंनी मान हलवली. ओळ संपली आणि तिच्यामागे काहीच नव्हतं, लोळणारं काही नव्हतं, फक्त सुगतचा ओढून घेतलेला श्वास माइकमधून सगळ्यांना ऐकू आला. ती पोकळी भयंकर लांब होती. संघप्रियाने हरिओमकडे पाहिलं. त्याने पट्टी वर केली. तिने एक सूर त्या पोकळीत टाकला आणि हात उचलला. तो गेला, परत आला, पुन्हा परत आला, आणि तो पुरता विझायच्या आत सुगतचा श्वास भरला होता आणि दुसरी ओळ उभी राहिली होती. तिचा अंगठा ढोलकी सोडून त्याच्या श्वासाची लय ठोकायला लागला. सिद्धोधनही मागे सरला, हळू झाला. गाणं चालू लागलं. ते इतकं नीट चालू लागलं, आणि तिला त्याचा आनंद झाला नाही. हे पहिल्याच कार्यक्रमात झालं असतं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं असतं, ती त्याला सांगू शकली असती की तू थांबतोस तिथे मी आहे. एवढी गावं, एवढ्या संध्याकाळी, एवढे हात गालावरून फिरले, आणि हे इथेच पडून होतं, वायरीच्या टोकाला.

तिसऱ्या कडव्याआधी सुगतने मागे न वळता डावा हात पाठीमागे घेतला. तळवा वर, बोटं दोनदा हलवली. हरिओमला नव्हे, तिला. आणखी. वाढव. वरचा सूर येत होता आणि त्याला आडोसा हवा होता. संघप्रियाने तो हात पाहिला. मैदान भरलं होतं, शेवटच्या रांगेतल्या माणसांच्या माना हलत होत्या, शब्द पोचत होते आणि शब्दांच्या मागे तिचा सूर जेवढा हवा तेवढाच होता. लेव्हल बरोबर होती. तिने ती तिथेच ठेवली.